मुलांना फ्लोराईडची पेस्ट द्यावी की नाही? (किनारपट्टीवरच्या आईबापांनी जरूर लिहा)

अबोली_गुहागर

मुलगी साडेचार वर्षांची. पुढचे दात बरे आहेत, पण खालच्या दोन दाढांत काळे खड्डे दिसायला लागलेत आणि गार पाणी लागलं की ती गाल धरून बसते. चिपळूणला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, कीड काढून दाढा भरू, फ्लोराईडची पेस्ट सुरू करा आणि दर सहा महिन्यांनी फ्लोराईडचं व्हार्निश (दातांवर लावायचा लेप) लावायला घेऊन या.

घरी आल्यावर तीन मतं पडली. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात ते, पडायचेच आहेत, पैसे कशाला घालवता. ठाण्याच्या जाऊबाईंनी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला की फ्लोराईड हे विष आहे, मेंदूवर परिणाम होतो. आणि नवरा म्हणतो, आम्ही राखुंडीने घासत होतो, आम्हाला काय झालं? (त्याच्या तीन दाढा भरलेल्या आहेत हे इथे नोंदवून ठेवते.)

लेकीला अजून नीट थुंकता येत नाही, निम्मी पेस्ट पोटात जाते. मग कुठली द्यायची, किती द्यायची? आमचं पाणी घरच्या विहिरीचं आहे, त्याने काही फरक पडतो का? "आमच्याकडे कुणी कधी ब्रश केला नाही" एवढंच लिहू नका, ते घरात ऐकतेच आहे. कारण सांगून लिहा.

माड_पोफळी

+१. वाचतेय. आमचं ध्यान अडीच वर्षांचं. ब्रश दिसला की तोंडाला कुलूप.

मालवणी_आजोबा

आमच्या टायमाक खयचो ब्रश आणि खयची पेस्ट! आंब्याचा पान तोडायचा, मधल्या शिरेन जीभ खरवडायची आणि पानाची सुरळी करून दात घासायचे. नायतर चुलीतली राखुंडी नि मीठ. सत्तरी उलाटली तरी अजून दातान सुपारी फोडतंय.

पण खरा ता सांगतंय. तेव्हा गोड खाणा होता खय? खाजा जत्रेक, लाडू चवथीक, आंबे मे म्हयन्यात. आता नातवाच्या हातात सकाळपासना बिस्किटाचो पुडो. राखुंडीक शाबासकी देव नकात आणि पेस्टीक शिव्या घालू नकात. आधी पुड्याकडे बघा.

माड_पोफळी

आजोबा, सुपारी अडकित्त्याने फोडा हो! 😀

वैनगंगेचा_पाहुणा

मी मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला, नोकरीमुळे रत्नागिरीत आहे. आमच्या गावच्या हातपंपाला फ्लोराईडचं पाणी. माझ्या आणि भावाच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, लग्नाच्या अल्बममध्ये दोघेही तोंड मिटून हसतोय. गावात पाठ आणि गुडघे आखडलेली म्हातारी माणसं पाहत मोठा झालो. त्यामुळे माझ्या मुलाला बिनफ्लोराईडची हर्बल पेस्ट आणतो. चूक असेल तर सांगा, पण ही भीती व्हॉट्सॲपवरून आलेली नाही.

दंतकथा

धागा सगळा वाचला. मी याच व्यवसायातली, दक्षिण रत्नागिरीत दवाखाना आहे. इथे कुणाच्या मुलाचं निदान करणार नाही, तोंडात बघितल्याशिवाय ते करूही नये. बाकीचं सांगते. जरा लांबेल.

पहिल्यांदा पाहुण्यांचं, कारण त्यांची भीती रास्त आहे. दातांवरचे ते पट्टे म्हणजे फ्लोरोसिस. भारतात त्याची नोंद १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून झाली, आणि आपल्या राज्यात चंद्रपूर-यवतमाळकडे तो अजूनही आहे. कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात, म्हणजे जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत, रोजच्या रोज जास्त फ्लोराईड पोटात गेलं तर दाताचं वरचं कवच बिघडतं. पुढच्या दातांसाठी तर पहिली तीन वर्षं जास्त नाजूक. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं आपलं मानक सांगतं. समजा हातपंपाच्या पाण्यात ४ आहे आणि पोर दिवसाला लिटरभर पाणी पितं, तर ४ मिलिग्रॅम रोज पोटात. शिवाय त्याच पाण्यात शिजलेला भात-वरण वेगळं.

आता पेस्टचा हिशोब करा. १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराईड) एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराईड असतं. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम. ती सगळीच्या सगळी गिळली तरी पाव मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याएवढी घेतली तर ०.१ मिलिग्रॅम. त्यामुळे पेस्ट द्यावी का यापेक्षा ब्रशवर किती येते हा प्रश्न मोठा आहे. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी पट्टा काढतात ना, तेवढी एका वेळी ग्रॅम-दीड ग्रॅम होते आणि लहान पोर त्यातली बरीचशी गिळतं. वर फळाच्या वासाची, गोड चवीची पेस्ट असेल तर विचारूच नका.

तेव्हा प्रमाण असं: पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नुसती ब्रशच्या केसांना पुसल्यासारखी. (दाणा म्हणजे शिजवायच्या आधीचा. एका आज्जींनी मला फुगलेल्या उकड्या तांदळाचं शीत दाखवलं होतं.) तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. पेस्ट मोठ्या माणसानेच लावायची.

फ्लोराईड करतं काय? तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जातं. लाळ अर्ध्या-पाऊण तासात आम्ल शांत करते आणि निघालेलं बरंचसं परत बसवते. ही देवघेव दिवसभर चालू असते. लाळेत थोडं फ्लोराईड असलं की परत बसणारा थर जास्त चिवट होतो, पुढच्या आम्लाला लवकर दाद देत नाही. हे सगळं दाताच्या पृष्ठभागावर चालतं, त्यासाठी ते पोटात जायची गरज नाही. म्हणून घासून झालं की फेस थुंकायचा आणि पाण्याने खळाखळा चूळ भरायची नाही. आपल्याकडे तर तांब्याभर पाण्याने चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही! लावलेलं सगळं मोरीत जातं.

विहिरीबद्दल: किनारपट्टीला जांभा, धो धो पाऊस आणि उथळ विहिरी, अशा पाण्यात फ्लोराईड सहसा कमीच सापडतं. म्हणजे पट्ट्यांची भीती कमी, पण कीड रोखायला पाण्यातून मदतही नाही. आपल्या मुलांना ते मिळालं तर पेस्टमधूनच. तरी पाणी एकदा तपासून घ्या.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सात-आठ वर्षांपर्यंत दात मुलाने घासायचे नाहीत, तुम्ही घासून द्यायचे. त्याला घासू दे हौसेने, मग तुमचा हात फिरवा. ज्या पोराला स्वतःच्या शर्टाची बटणं सरळ लावता येत नाहीत त्याच्या हातून मागच्या दाढा घासल्या जातील ही आशा सोडा. आणि एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची धरा. झोपेत लाळ कमी होते, तेव्हा दाताला राखण नसते.

वैनगंगेचा_पाहुणा

पाव मिलिग्रॅम विरुद्ध चार. असा हिशोब कुणी कधी मांडून दाखवला नव्हता. आभार. सुट्टीत गावी जातो तेव्हा मुलाचं पाणी वेगळं ठेवतो, ते चालू ठेवतो.

दंतकथा

जरूर चालू ठेवा. आणि गावी मुक्काम लांबला तर तिथे पेस्ट आणखी बेतानेच.

सत्यशोधक_७

डॉक्टर, तुमच्या कॉलेजात शिकवलं तेच तुम्ही सांगणार. अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा २०२४ चा अहवाल आहे की फ्लोराईडने मुलांचा बुद्ध्यांक कमी होतो. हे कुणी बोलत नाही.

लॅबवाला

बोलूया की. अहवाल आहे, खरा आहे, आणि तो वाचण्यासारखाही आहे. त्यात म्हटलंय ते असं: पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असलेल्या भागांत मुलांचा बुद्ध्यांक कमी असल्याशी संबंध दिसतो, आणि या निष्कर्षाबद्दल त्यांना 'मध्यम' खात्री आहे. तिकडे पाण्यात ०.७ मिलिग्रॅम मिसळतात. त्या पातळीबद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहिती नाही, असंही तोच अहवाल सांगतो. व्हिडिओत पहिलं वाक्य घेतात, दुसरं कापतात. म्हणजे तो अहवाल पाहुण्यांच्या गावच्या हातपंपाच्या बाजूने बोलतो, अबोलीताईंच्या वाटाण्याएवढ्या पेस्टबद्दल त्यात काही नाही.

शिवाय तिकडचा वाद नळाच्या पाण्यात फ्लोराईड मिसळण्यावरून आहे. आपल्याकडे ते कुणी मिसळतच नाही. आपल्याकडे उलट, जिथे जास्त आहे तिथून ते काढायची खटपट चालते. तुरटी आणि चुना वापरून काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवली ती त्यासाठीच. आणि पाण्यात मिसळणं बंद केल्यावर काय होतं तेही बघा: कॅनडातल्या कॅलगरीने २०११ ला बंद केलं, मुलांच्या दातांची कीड, ते चालू असलेल्या शेजारच्या एडमंटनपेक्षा, वाढली, २०२१ ला लोकांनी मतदान करून परत सुरू करायला लावलं आणि २०२५ ला ते सुरू झालं.

सत्यशोधक_७

मी तरी माझ्या मुलांना देणार नाही.

लॅबवाला

तुमची मुलं, तुमचा निर्णय. गोड मात्र तेवढ्याच कडकपणे बंद ठेवा, मग निभेल.

पाण्याचं विचारलंय म्हणून सांगतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचा तपासणी संच असतो, गावातल्याच बायकांना तो वापरायचं प्रशिक्षण दिलेलं असतं, त्यात फ्लोराईडची चाचणी आहे. आकडा ढोबळ मिळतो, पण कमी की जास्त एवढं कळतं. बोअरवेल असेल तर ती वेगळी तपासा. शेजारच्या विहिरीचा आकडा बोअरला लागू पडत नाही, खोल पाणी खडकाशी जास्त काळ लागून असतं. गरम पाण्याच्या झऱ्याजवळ राहत असाल तर रोज प्यायला ते पाणी तपासल्याशिवाय नको. अशा झऱ्यांत फ्लोराईड जास्त असण्याचा कल असतो.

अवांतर: आपल्याकडे विहिरीचं पाणी मुळात मऊ, क्षार कमी. तरी घरोघरी आरओ बसवायचं वेड आलंय. आरओ जे थोडंफार फ्लोराईड असतं तेही काढून टाकतो.

हापूस_नको_पायरी

डॉक्टर, देवगडहून विचारतेय. मे महिन्यात आमच्याकडची पोरं उठल्यापासून झोपेपर्यंत आंबा चोखतात. मग पाऊस लागला की आंबापोळी, फणसपोळी. दुपारी कोकम सरबत. यातलं काय बंद करू? सगळं बंद केलं तर घरात बंड होईल.

दंतकथा

आंबा बंद करा म्हणाले तर मला तालुक्यात राहू देणार नाहीत. 😀

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते बघा. जेवणाबरोबर दोन आंबे खाल्ले तर दातावर आम्लाची एक फेरी झाली. तेच दोन आंबे फोडी करून दिवसभर येता-जाता खाल्ले तर लाळेला उसंतच मिळत नाही. कोकम सरबताचंही तसंच: एका बैठकीत पेला संपवला तर ठीक, बाटलीत भरून तासभर घोट घोट नको. त्यात साखरही आहे आणि आंबटपणाही आहे. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, कवच तेव्हा मऊ असतं. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा.

या सगळ्यांत मला आंबापोळीची भीती जास्त वाटते. दाढेच्या खाचेत चिकटून बसते, जिभेने निघत नाही. ती जेवणाबरोबर द्या. झोपताना तर मुळीच नको. खाजं वर्षातून जत्रेला खाल्लंत तर खुशाल खा, मालवणी आजोबांचा मुद्दा एकदम बरोबर आहे. रोजची सकाळ-संध्याकाळ चहात बुडवलेली बिस्किटं, बटर, टोस्ट यांनी दात जातात, कारण ते पिठूळ लगद्यासारखं दाढेवर बसतं. आणि हे आपण 'गोड' म्हणून मोजतच नाही.

सुकी_सुंगटं

चहात फ्लोराईड असतं म्हणे? मग मुलाला चहा दिला तर एका दगडात दोन पक्षी.

दंतकथा

असतं खरं, पण त्याबरोबर दोन चमचे साखरही असते. तीन वर्षांच्या पोराला चहा देऊ नका हो.

परड्यातली

इथे कुणी मशेरीचा विषय काढला नाही म्हणून मी काढते. माझी आजी तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका. हाताने चुरून पितळी डबीत भरायची आणि पडवीच्या पायरीवर बसून बोटाने लावत बसायची. आम्ही नातवंडं शेजारी बसून राखुंडी लावायचो, अगदी तिच्यासारखी, मधल्या बोटाने. परवा माहेरी गेले तर चुलतबहिणीची पाच वर्षांची पोरगी तशीच आजीशेजारी बसलेली, आणि आजीने गंमत म्हणून तिच्याही बोटाला डबीतली लावली. घरातले हसले. मला हसू आलं नाही.

दंतकथा

बरं झालं लिहिलंत. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि मंजनांवर देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? ती लावली की दुखरी दाढ सुन्न होते, म्हणून बायकांना वाटतं औषध आहे. मग सवय लागते. हिरड्या खाली सरकतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मुलाच्या तोंडात तर बोटभरही जाता कामा नये, गंमत म्हणूनही नाही. आजीला सुनेने सांगितलं तर भांडण होतं, त्यापेक्षा आजीला एकदा दवाखान्यात आणा. मी सांगते, वाईटपणा माझ्याकडे.

राखुंडीचं आणि लाल मंजनाचं: दोन्ही घासून घासून दात पांढरे दिसतात, कारण दोन्ही खरखरीत असतात. लाल मंजनात बऱ्याचदा गेरू असतो. वर्षानुवर्षं वापरलं की दाताच्या मुळाशी खाच पडते आणि मग गार लागलं की झिणझिण्या येतात. कोळशाच्या काळ्या पेस्टची हल्ली फॅशन आहे, ती म्हणजे राखुंडीच, फक्त महाग ट्यूबमधून.

दोन_लेकरांचा_बाप

मला एक सांगा. आमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दाढेला रूट कॅनल आणि वर टोपी सांगितलीय. पडणाऱ्या दाताला रूट कॅनल? मित्र म्हणाला, लुबाडतायत, सरळ काढून टाक.

परड्यातली

आम्हालाही असंच सांगितलं होतं एका ठिकाणी. आम्ही दात काढला. आता तिथे कायमचा दात वाकडा येतोय.

दंतकथा

लुबाडणूक आहे की नाही हे तोंड आणि एक्स-रे बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. दुसरीकडे दाखवून मत घ्या, कुठल्याही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. पण दुधाच्या दाढेला उपचार करतात ते का, तेवढं सांगते.

पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात, त्यामुळे सगळेच दुधाचे दात लवकर पडणार असं लोक धरून चालतात. मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाच वर्षांच्या मुलाला ती दाढ अजून पाच-सहा वर्षं चावायला लागणार आहे. आणि ती खाली येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून असते. लवकर काढली तर मागची दाढ पुढे सरकते, जागा जाते, मग तेरा-चौदाव्या वर्षी तारा लावायचा खर्च. काढावीच लागली तर जागा राखायला छोटी तार बसवतात, तेवढं विचारून घ्या.

आता जे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला आरशात दाखवते ते. मुलाला उजेडात तोंड उघडायला लावा आणि खालच्या बाजूला मधून मागे दात मोजा: एक, दोन, तीन, चार, पाच. हे पाच दुधाचे. साधारण सहाव्या वर्षी त्यांच्या मागे, हिरडी फाडून, सहावी दाढ येते. ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सगळे समजतात दुधाचीच आहे. ती कायमची असते. आयुष्यभराची. वर खोल खाचा असतात, नुकतीच आलेली असल्याने कवच कच्चं असतं, आणि एवढी मागे असते की पोराचा ब्रश तिथे पोचतच नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत सर्वात जास्त किडलेली मला तीच दिसते. ती पूर्ण वर आली की खाचा बुजवणारं सीलंट लावून घेता येतं. सुई नाही, ड्रिल नाही, दुखत नाही.

सेविका_ताई

मी अंगणवाडीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, शाळेत एकदा. २०१३ साली हा कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच. दातही बघतात आणि पुढे पाठवायची चिठ्ठी देतात. पण निम्म्या चिठ्ठ्या दप्तरातच राहतात. पालक म्हणतात, ताई, ताप नाही खोकला नाही, दातासाठी कुठे रोजगार बुडवून तालुक्याला जायचं? तेही खोटं नाही. एसटी सकाळची गाठायची, दुपारपर्यंत नंबर, परतीची गाडी संध्याकाळी. तरी सांगते, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाताचे डॉक्टर आहेत का ते आधी फोनवर विचारा, कुठल्या वारी असतात तेही विचारा, आणि जा. कळ सुरू झाल्यावर जाल तर जास्तच हेलपाटे पडतात.

माड_पोफळी

सगळं पटलं. पण तोंडच उघडत नाही त्याचं काय करू?

परड्यातली

आम्ही पडवीतल्या झोपाळ्यावर घासतो. मी मांडी घालून बसते, लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी, पाय बाबाच्या मांडीवर. वरून सगळं तोंड दिसतं. समोर उभं करून घासताना दिसायचे फक्त पुढचे चार दात. झोपाळा आधी थांबवायचा, नाहीतर ब्रश नाकात.

दंतकथा

उत्तम जागा. डावं बोट ओठ आणि हिरडीच्या मधे घालून ओठ वर करा, म्हणजे तोंड आपोआप थोडं उघडतं. वरच्या पुढच्या दातांची हिरडीलगतची कड बघा. तिथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. काळं पडायच्या आधीची ही पायरी फ्लोराईडने परत फिरवता येते, म्हणून त्या रेघेला घाबरा, काळ्या डागाची वाट बघू नका. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांत ती हमखास दिसते. आणि खोकल्याचं गोड सिरप दिल्यावर तसंच झोपवू नका.

जी मुलं खुर्चीत बसतच नाहीत, त्यांच्या किडलेल्या जागी सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड लावायचा पर्याय असतो. थेंबभर औषध, ड्रिल नाही. कीड बऱ्याचदा थांबते, पण ती जागा काळी पडते ती पडतेच. पुढच्या दातावर लावलं की घरातले विचारतात, डॉक्टरने दात काळे का केले? आधी विचार करून ठरवा.

अबोली_गुहागर

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. दाढा भरायला पुढच्या आठवड्यात जातोय. सासूबाईंना सहाव्या दाढेचं वाचून दाखवलं, त्यांनी लगेच नवऱ्याला तोंड उघडायला लावून मोजलं. त्याची सहावी आहे, पण भरलेल्या तिघींपैकी एक तीच.

पेस्टचं एकच राहिलं. दुकानात 'मुलांची' म्हणून जी मिळते ती घ्यायची का?

दंतकथा

पुढचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. सोडियम फ्लोराईड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट लिहिलेलं असेल. फ्लोराईड किती पीपीएम आहे ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापायचं बंधन आहे, आणि आपल्याकडे १००० च्या वर घालायला परवानगी नाही. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ५०० च्या आसपास असतं, काहींत अजिबात नसतं. कीड रोखायचा भरवशाचा पुरावा १००० पासून वरचा आहे. म्हणून कमी पीपीएमची भरपूर लावण्यापेक्षा १००० ची वयाप्रमाणे तांदळाएवढी किंवा वाटाण्याएवढी लावा. कीड असलेल्या मुलासाठी तर नक्कीच. ट्यूबच्या टोकाला हिरवा पट्टा असेल तर नैसर्गिक आणि काळा असेल तर केमिकल, हे खोटं आहे. ती पॅकिंगच्या मशीनसाठी केलेली खूण असते.

आणि ट्यूब उंच ठेवा. १०० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये मिळून १०० मिलिग्रॅम फ्लोराईड असतं. दहा किलोच्या पोराने निम्मी ट्यूब चाटून संपवली तर तो दवाखान्याचा मामला आहे. तसं झालंच तर लगेच दूध पाजा आणि घेऊन निघा.

माड_पोफळी

तिखट लागते म्हणून थुंकतो आमचा.

दंतकथा

पुदिना कमी असलेली सौम्य चवीची बघा, १००० ची मिळते. तोवर नुसत्या ओल्या ब्रशने सवय लावा, पण रात्री शेवटी दाणाभर पेस्ट लावाच. थुंकला तर थुंकू दे, दाताला लागलं की झालं.

सुकी_सुंगटं

आणि आम्ही मोठ्यांनी किती घ्यायची?

दंतकथा

वाटाण्याएवढीच पुरते. तुमची सुरुवात मात्र चहापासून करूया, दिवसाला किती कप होतात ते आधी लिहा.